तंजावरचा तुटलेला दोर

कावेरीकाठचे तिरुवैयारु आणि त्याच्या दक्षिणेस असलेले तंजावर हा सारा प्रदेश पाटासारखा सपाट आहे. शेतीला वरदान ठरलेली ही सपाटी सर्वेक्षकाला मात्र अडचणीची होती. त्रिकोणीकरणात दूरवरची ठाणी एकमेकांना दिसावी लागतात. येथे टेकड्या नव्हत्या आणि नारळीच्या बागा नजर अडवीत. म्हणून विल्यम लॅम्ब्टन यांनी मंदिरांच्या उंच वास्तूंचा ठाणी म्हणून उपयोग केला.

1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यांनी सुरू केलेले काम पुढे ‘महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ म्हणून ओळखले गेले. त्यांचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे उपकरण, सुमारे अर्धा टन वजनाचा होता. इंग्लंडहून येताना फ्रेंच युद्धनौकेने तो पकडून मॉरिशसला नेला होता. तेथील फ्रेंच गव्हर्नरने तो सन्मानपूर्वक मद्रासला पाठवला.

1808 मध्ये, सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर हे उपकरण चढवले जात असताना दोर तुटला. थिओडोलाइट भिंतीवर आदळला आणि त्याचे आडवे वर्तुळ वाकले. या वर्तुळाचा व्यास 36 इंच होता. एवढ्या वर्तुळाच्या कडेवर एक विकला, म्हणजे अंशाचा 3600वा भाग, जेमतेम 2.2 मायक्रॉन जागा व्यापतो. डोळ्यांना न दिसणारा बाकही मोजणी बिघडवण्यास पुरेसा होता.

दुसरे उपकरण इंग्लंडहून मागवायचे तर समुद्रमार्गे कित्येक महिने लागणार. लॅम्ब्टन यांनी मोजक्या कारागिरांसह तंबूत स्वतःला कोंडून घेतले. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी वर्तुळ पुन्हा आकारात आणले. काम पुढे चालू राहिले. 1823 मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे लॅम्ब्टन यांचे निधन झाले, तेव्हाही सर्वेक्षण उत्तरेकडे सरकतच होते.

मात्र प्रमुखाच्या हातातील कसब ही व्यवस्था नव्हे. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात नवी उपकरणे आली आणि हेन्री बॅरो हे उपकरणकारही भारतात आले. बॅरो यांनी लॅम्ब्टन यांचा थिओडोलाइट नव्याने बांधला. पुढे ती जबाबदारी अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसैन यांच्याकडे आली. आता दुरुस्तीचे ज्ञान मोजणीच्या देशातच रुजले होते.

अभियांत्रिकी पुरवठा-व्यवस्थेची आजची तत्त्वेही याहून फार वेगळी नाहीत. वाहतुकीचा विचार उपकरणाच्या रचनेबरोबरच व्हावा. ज्याच्यावाचून सारे काम थांबेल, त्याला पर्याय असावा. दुरुस्ती करणारे हात कामाच्या जागेजवळ असावेत. मोजमापाची अचूकता भिंगात आणि वर्तुळात असते, तितकीच ती दोरातही असते.