हातोडाधारी देवाचें दुसरें आयुष्य

खालापूर तालुक्यांतील महडच्या वरदविनायकाचें देऊळ रामजी महादेव बिवलकरांनीं १७२५ सालीं बांधलें. तेथें आजही पूजा चालते. त्या देवाची कथा वाटेल तशी फिरविण्यास सहसा कोणी धजत नाहीं. उत्तर युरोपांतील मेघगर्जनेच्या देवाची, थोराची, उपासना मात्र शेंकडों वर्षांपूर्वीं खंडित झाली. (नांव मराठी कानांस विशेषणच वाटावें!) तो पुन्हां प्रकटला न्यूयॉर्कच्या चित्रमासिकांत: 'जर्नी इंटू मिस्टरी', अंक ८३, ऑगस्ट १९६२. स्टॅन ली, लॅरी लीबर व जॅक कर्बी यांनीं त्याला डोनाल्ड ब्लेक या लंगड्या डॉक्टरच्या देहांत दडविलें. काठी आपटली कीं तिचा हातोडा होई. मार्च १९६६ मध्यें, १२६ व्या अंकापासून, मासिकाचेंच नांव 'थोर' झालें. १९८६ सालीं तर वॉल्टर सायमनसन यांनीं त्याला चक्क बेडूक केलें, आणि ती कथा वाचक अद्यापि आवडीनें वाचतात.

मुंबईंत १९६७ सालीं 'अमर चित्र कथा' काढणारे अनंत पै यांना ही मोकळीक कोठून असणार? त्यांचा कृष्ण घरोघरच्या देव्हाऱ्यांतला. बेडकाची गोष्ट दूरच. त्याचे परंपरेनें आलेले चमत्कार रंगवितांनाही पै यांनीं आरंभीं हात आखडता घेतला होता. तो संकोच त्यांनीं पुढें सोडला.