सनफिल्म: इमारतीवरून गाडीत

गाडीच्या काचेवरची सनफिल्म मुळात गाडीसाठी जन्मलेलीच नाही. १९६६ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीला ऊन परतवणाऱ्या पारदर्शक फिल्मचे पेटंट मिळाले, तेव्हा विचार होता तो इमारतींच्या काचांचा. पातळ पॉलिस्टरवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमच्या वाफेचा थर चढवायचा आणि ती फिल्म खिडकीला आतून चिकटवायची, म्हणजे वातानुकूलनाचा खर्च उतरतो. गाडीवाले त्या काळी काचेवर रंगीत द्रव फवारून सावली करू पाहत. तो थर कधी एकसारखा बसत नसे.

फिल्म गाडीत आली आणि अडली ती काचेच्या आकारापाशी. इमारतीची काच सपाट असते, गाडीची मागची काच दोन्ही दिशांना वळलेली. सपाट फिल्म तिच्यावर ठेवली की कडेला चुण्या उभ्या राहतात. म्हणून जुने कारागीर तिथे फिल्म आडव्या पट्ट्यांत कापून लावत आणि जोड काचेवरचे धुके घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारांवर लपवत. पुढे हीट गन हातात आली. पॉलिस्टरची फिल्म कारखान्यात ताणून बनवलेली असते, त्यामुळे गरम झाली की आकसते, तीही मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेने. कारागीर ती दिशा ओळखून फिल्म आधी काचेच्या बाहेरून पसरतो, एकेक चुणी गरम हवेने जिरवतो आणि काचेचा आकार घेतलेली अखंड फिल्म मग आतून लावतो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती ही हातोटी. उष्णता थोडी जास्त झाली तर फिल्म करपते. कमी पडली तर चुणी राहतेच.

रंगाच्या कथेत महाराष्ट्र येतो. तासगावचे आबासाहेब गरवारे मुंबईत आधी मोटारींच्या धंद्यात होते, नंतर प्लास्टिककडे वळले. त्यांच्या उद्योगसमूहाने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पॉलिस्टर फिल्म बनवली आणि रंग फिल्मच्या अंगातच मुरवण्याचे तंत्र विकसित केले. स्वस्त मालात रंग नुसता चिकट थरात कालवलेला असतो. उन्हाने त्यातल्या काही छटा आधी उडतात आणि काच जांभळी दिसू लागते. जांभळी काच दिसली की दोष मालाचा समजावा, लावणाऱ्याचा नाही.

लावणाऱ्याचे काम कडांवर कळते. दाराची काच थोडी खाली घ्या: वरच्या कडेशी फिल्म काचेला समांतर, जेमतेम एखादा मिलिमीटर सोडून कापलेली हवी. कट वेडावाकडा नको, कोपरा उचललेला नको. आतून उजेडाकडे पाहा. रबराजवळ कचरा अडकला असेल तर काच नीट धुतलेली नव्हती. मागच्या काचेवर पट्ट्यांचे जोड आज कोणी पत्करू नयेत. पहिले काही दिवस दिसणारा धूसरपणा आणि पाण्याचे बारीक फुगे मात्र फिल्म लावताना वापरलेले साबणपाणी सुकले की जातात. तोवर काच खालीवर करू नये.

कायद्याने फिल्मला बरेच फिरवले. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश जाणे आवश्यक ठरवले. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका खटल्यात कुठलीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली. नंतर नियमांत बदल झाला आणि त्याच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५०ची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल, असा निर्णय दिला.

इथे एक हिशेब ग्राहकाच्या नजरेतून नेहमी सुटतो. गाडीची काच कारखान्यातूनच थोडी रंगीत येते. ८० टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर ‘५० टक्के’ची फिल्म लावली तर आत सुमारे ४० टक्केच पोहोचतो, आणि बाजूची काच नियमाबाहेर जाते. म्हणून पैसे देण्याआधी फिल्म लावलेल्या काचेवर प्रकाश मोजणारा मीटर ठेवायला सांगा आणि तो आकडा स्वतः वाचा.