नक्कल एकाच घरात ठेवू नका: वेरूळच्या दुकानाला इतिहासानं शिकवलेला धडा

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात होते पाण्यात पडलेल्या एका मोबाईलपासून.

माझ्या मामाचं वेरूळला छोटंसं दुकान आहे, घृष्णेश्वराच्या रस्त्यावर. बेल, फुलं, प्रसाद आणि रंगीत दगडांच्या पिंडी विकतो तो. श्रावणी सोमवार म्हणजे त्याचा सिझन. मागच्या श्रावणात अशाच एका सोमवारी पाऊस जोरात, गर्दी तुफान, आणि मामाचा फोन पाण्याच्या बादलीत. फोन गेला तो गेलाच.

आता त्यात काय होतं ते ऐका. चार महिन्यांची उधारी होती. मी विचारलं, "मामा, बॅकअप?" तर म्हणाला, "होता की! वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते." कुठे ठेवले होते? त्याच फोनमध्ये. आणि जुनी वही? फोटो काढले म्हणून रद्दीत दिली होती.

बहुतेक पैसे परत आले, लोक चांगले आहेत. पण शेजारच्या चहावाल्याशी बाराशे रुपयांवरून वाजलं. तो म्हणतो दिले, मामा म्हणतो नाही दिले. दोघंही खोटं बोलणारे नाहीत. पण लिखापढी नसली की आठवण साक्षीदार होते, आणि आठवणीला कुणी उलटतपासणी करत नाही. वीस वर्षांची दोस्ती होती. आज दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

मला हे सगळं बघून अजिंठा आठवला. सांगतो का ते.

1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याला पाठवलं. भिंतींवरची चित्रं खराब होत होती, म्हणून मोठ्या कॅनव्हासवर त्यांच्या नकला करायच्या. म्हणजे बॅकअपच! गिलनं आयुष्याची कित्येक वर्षं त्यात घातली. चित्रं लंडनला गेली आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली. 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळाली. वाचली ती चार-पाच, कारण ती तेव्हा तिथे नव्हती.

मग दुसरा प्रयत्न. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यात होते. पुन्हा नकला झाल्या, पुन्हा लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. आणि 1885 मध्ये तिथेही आग! बऱ्याच नकला गेल्या. जे वाचलं त्यातून 1896 मध्ये ग्रिफिथ्सचा ग्रंथ निघाला. छापलेल्या प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांत पोचल्या, तेव्हा कुठे एका आगीची भीती संपली.

लक्षात आलं? बॅकअप घेतला होता, मेहनतीनं घेतला होता. चूक एवढीच की सगळा एका छताखाली होता. मामाच्या फोनसारखा.

आता याच्या उलट गोष्ट, खुद्द वेरूळची. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण यानं करवलं असं आपण शाळेत शिकतो. पण लेण्यात त्याचा तसा कोरीव लेखच नाही! मग कळलं कसं? बडोद्याला सापडलेल्या एका ताम्रपटावरून. कर्क नावाच्या राष्ट्रकूट राजानं 812-13 च्या सुमारास, म्हणजे कृष्णानंतर साधारण चाळीस वर्षांनी, तो दिला. मूळ विषय दानाचा. पण पूर्वजांची स्तुती करताना एलापुरच्या, म्हणजे वेरूळच्या, अद्भुत देवळाचा उल्लेख आला, आणि ते बघून खुद्द कारागीरही चकित झाला असं वर्णन आलं. वेरूळची नोंद वेरूळपासून शेकडो किलोमीटर दूर टिकली.

ताम्रपटाची रचनाही बघा. पत्र्यांना भोक पाडून त्यातून कडी ओवायची आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा. मधला एखादा पत्रा बदलायचा तर मुद्रा तोडावी लागणार. आजच्या भाषेत, कुणी फाईलमध्ये हात घातला तर कळलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे राजेरजवाड्यांचं झालं, दुकानाचं काय? अहो, जुलै 2024 च्या शेवटी छोट्या बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांचे ऑनलाईन व्यवहार थांबवावे लागले. 12 एप्रिल 2025 ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडखळलं. यात दुकानदाराची काहीच चूक नव्हती. पण गिऱ्हाईक त्याच्याच समोर उभं होतं.

म्हणून मी आणि मामानं एका मंगळवारी, लेणी बंद असतात आणि गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, बसून तयारी केली. फार काही नाही.

उधारी रोज रात्री वहीत, शाईनं. पानाचा फोटो मामीच्या फोनवर आणि माझ्याकडेही. वही दुकानात नाही, घरी.

दोन वेगळ्या बँकांचे क्यूआर. एक अडला तर दुसरा. गल्ल्यात सुट्टे पैसे कायम, श्रावणात जास्त. पैसे आले की नाही ते गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवर नाही, आपल्या फोनवर किंवा साउंडबॉक्सवर बघायचं. आणि रोज सकाळी क्यूआरवर कुणी दुसरा स्टिकर चिकटवला नाही ना, हे बोटानं चाचपायचं. हीच आपली राजमुद्रा!

एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात बँकेची शाखा, सिमकंपनी, होलसेलवाला आणि 1930 हे नंबर. 1930 म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. पैसे गेले तर पहिल्या काही मिनिटांत तिथे फोन करायचा, रडत बसायचं नाही. पिन मात्र पुठ्ठ्यावर लिहायचा नाही, हे मामाला दोनदा सांगावं लागलं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. महिन्यातून एकदा फोन बंद करून तासभर धंदा करून बघायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं, मामाला मामीचा नंबरच पाठ नव्हता!

चहावाल्याचं काय झालं? मी मामाला म्हटलं, बाराशे सोडून द्या. तो म्हणाला, "पैशाचं नाही रे पोरा, त्याला वाटतं मी त्याला खोटारडा म्हटलं." ते दुरुस्त करणारं अ‍ॅप माझ्याकडे नाही. पण नव्या वहीत आता उधारीच्या प्रत्येक ओळीसमोर घेणाऱ्याची सही असते. पुढचं भांडण तरी होऊ नये.

तुमच्या घरच्या दुकानाची वही कुठे आहे? आज रात्री विचारा. भेटू पुढच्या भागात!