समयस्फूर्त विनोद व त्याची मर्यादा

सोवळा विनोद मिळमिळीत असतो, असें एक मत रसिकांत रूढ आहे. लिहिलेल्या नाटकापुरता या मताचा खल पुष्कळ झाला; परंतु ज्या नाट्यांत संहिताच नसते आणि प्रेक्षकांनीं ऐन वेळीं सुचविलेल्या विषयावर नटांना तेथल्या तेथें प्रवेश उभा करावा लागतो, त्यांत या मताची कसोटी अधिक चांगली लागते. अशा एका मंडळीचा पूर्ववृत्तान्त या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं १९८४ सालीं डिक चडनाऊ व त्यांचे सहकारी यांनीं 'कॉमेडीस्पोर्ट्झ' ही मंडळी काढली. तिच्या खेळाला सामन्याचें रूप होतें : नटांचे दोन संघ, त्यांत निवड करणारे प्रेक्षक आणि एक पंच. एखाद्या नटाच्या तोंडून ग्राम्य शब्द निघाला, तर पंच त्याच्या डोक्यावर कागदी पिशवी चढवी. प्रेक्षकानें अश्लील विषय सुचविला, तर त्याचीही तीच गत! आईबापांना मुलांसह निःशंकपणें बसतां यावें, हा त्यांतील हेतु.

सामन्याची कल्पना मात्र पूर्वींची. कुस्तीच्या आखाड्याभोंवतीं बेभान होणारे प्रेक्षक पाहून, नाटकालाही तसे प्रेक्षक लाभावेत, या इच्छेनें कीथ जॉनस्टन या इंग्रज नाट्यशिक्षकानें 'थिएटरस्पोर्ट्स' हा प्रकार रचला. १९७७ सालीं कॅनडांतील कॅल्गरी येथें निघालेल्या लूज मूस मंडळीनें तो नांवारूपास आणला.

परंतु अमेरिकेंत या कलेचें मूळ याहूनही जुनें आहे. शिकागोच्या हल हाऊस या १८८९ सालीं स्थापन झालेल्या सेवासंस्थेंत नेव्हा बॉइड या खेळांच्या द्वारें शिक्षण देत. १९२४ पासून त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनीं पुढें, परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांकरितां नाट्यखेळ रचले. भाषा निरनिराळ्या असल्या, तरी खेळ सर्वांना समजे. स्पोलिनबाईंचे चिरंजीव पॉल सिल्स यांनीं तेच खेळ प्रौढ नटांच्या हातीं दिले, आणि १९५५ सालीं कंपास व १९५९ सालीं सेकंड सिटी या मंडळ्या उदयास आल्या. कंपासचे पहिले प्रयोग एका मद्यगृहांत झाले. म्हणजे जी कला मद्यगृहांत वयांत आली, तिचें बालपण मुलांच्या खेळांत गेलें होतें! मिलवॉकीच्या नियमानें तिच्यावर परकें बंधन लादलें नाहीं. तिला मूळ घरीं परत आणलें.

या नियमानें बुद्धि कुंठित होते काय? पुढचें वाक्य न सुचणाऱ्या नटाला शिवी ही हातची काठी असते. हशा मिळतो, पण प्रवेश तेथेंच खुंटतो. सोबत्याला पुढें बोलावयास कांहीं उरत नाहीं. ती काठी काढून घेतली, कीं सोबत्याचें बोलणें लक्षपूर्वक ऐकावें लागतें, त्याची कल्पना मान्य करून तींत भर घालावी लागते. या कलेचें मर्म तरी दुसरें काय आहे? वृत्ताच्या बंधनांत जसा कवीचा कस लागतो, तसाच येथें नटाचा. शिवाय पिशवी पाहूनही लोक हंसतच. विनोदाची मर्यादा विनोदानेंच राखावी, ही त्या मंडळीची चतुराई खरोखर वाखाणण्याजोगी आहे.