कोरडवाहू ज्वारीचा शेतकरी : शिकवण आणि आधार

दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील शेतीसुधारणेचा इतिहास दोन वेगवेगळ्या दप्तरांतून लिहिला जातो. एका दप्तरात नांगर, बांध, बियाणे व प्रयोगक्षेत्रे यांची हकीकत असते. दुसऱ्यात कर्ज, तगाई व दुष्काळी कामे यांची. ही दोन्ही दप्तरे एकाच घराविषयी आहेत, ही साधी गोष्ट त्यामुळे नजरेआड होते. प्रस्तुत लेखात या विभागणीचे मूळ शोधण्याचा यत्न केला आहे.

आरंभ एका गावापासून करणे सोयीचे होईल. डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली. शहराच्या सान्निध्यामुळे तेथील कुटुंबांना बाहेरची मजुरी मिळे. म्हणून ते गाव दख्खनचे प्रातिनिधिक मानता येईल का, अशी शंका राहिली. पुढील पाहणीसाठी शहरापासून दूरचे, पावसावर अवलंबून असलेले जातेगाव बुद्रुक निवडण्यात आले व तिचा ग्रंथ १९२१ मध्ये निघाला. त्यावर मॅन यांच्याबरोबर सहलेखक म्हणून एन्. व्ही. कानिटकर यांचे नाव आहे. जमिनीचे तुकडे, बैल, कर्ज, व्याज आणि वर्षाचा खर्च यांचा घरोघर हिशेब करून त्यांनी दाखविले की, बहुसंख्य कुटुंबांची मिळकत साधारण वर्षातही पुरेशी नव्हती. दुष्काळाने शेतकरी बुडतो हे सर्वांस ठाऊक होते. बऱ्या सालातही तो तरत नाही, हा निष्कर्ष मात्र अधिक गंभीर होता.

हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या शास्त्राचे प्रमुख अभ्यासक झाले. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ मध्ये ताम्हणे यांनी या विषयाचे प्रयोग सुरू केले व कानिटकरांनी ते पुढे चालविले. शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल १९२८ साली आला. त्यानंतर संशोधन परिषदेच्या साहाय्याने १९३३ पासून सोलापूर व विजापूर आणि पाठोपाठ हगरी, रायचूर व रोहतक येथे केंद्रे निघाली. या कामातून जी पद्धती सिद्ध झाली तिला ‘मुंबई पद्धती’ म्हणतात. उताराला आडवे बांध घालावेत, काही वर्षांच्या अंतराने एकदा खोल नांगरट करावी, पावसाळ्यात वारंवार कुळवणी करून ओल मुरवावी व तण मारावे, शेणखत घालावे, बी कमी पेरावे, दोन ओळींत सुमारे १८ इंच अंतर ठेवावे आणि पीक उभे असता कोळपण्या द्याव्यात, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. रबीची ज्वारी पेरणीनंतर बहुतांशी जमिनीतल्या ओलीवर वाढते. म्हणून पाऊस किती पडला यापेक्षा किती मुरला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. शास्त्र म्हणून ही मांडणी निर्दोष होती आणि तिचे मर्म आजही ग्राह्य आहे.

परंतु ही शिकवण कोणास दिली जात होती? खोल नांगरटीस लोखंडी नांगर व दोन-तीन जोड्या बैल लागत. जातेगावच्या पाहणीत ज्याच्यापाशी पुरते दोन बैलही नव्हते अशा शेतकऱ्याने ते कोठून आणावेत? खताच्या गाड्यांविषयीही तेच. गुरे कमी तेथे शेणही कमी, आणि त्यातले पुष्कळसे चुलीत जाई. बांधाचे तर त्याहून अवघड. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला नाही, तर त्याच्या रानातून आलेला लोंढा खालच्या शेतकऱ्याचा बांध फोडून जातो. नंतरच्या आढाव्यांत या पद्धतीने उत्पन्नात पंधरा-वीस टक्के भर पडत असल्याचे नमूद आहे; मूळचे उत्पन्नच इतके तोकडे की, तेवढ्या वाढीसाठी अंगावर नवा खर्च घेणे शहाणपणाचे नव्हते. प्रचारकांनी यास शेतकऱ्याची रूढिप्रियता म्हटले. जातेगावचा हिशेब ज्यांनी वाचला होता त्यांनी तरी तसे म्हणावयास नको होते.

रूढिप्रियतेचा आरोप आणखी एका कारणाने टिकत नाही. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा ज्वारीचा वाण शेतकऱ्यांनी आपखुशीने उचलला आणि पिढ्यान्‌पिढ्या सोडला नाही. भाकरीला गोड, वैरणीस उत्तम कडबा आणि जादा खर्च काही नाही; मूठभर बी शेजाऱ्याकडून घेतले की काम भागे.

आता दुसरे दप्तर पाहू. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यातून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुढे १८८३ च्या कायद्याने जमीनसुधारणेसाठी, तर १८८४ च्या कायद्याने बी, बैल व संकटनिवारण यांसाठी तगाईची तरतूद झाली. दोन कायदे, दोन हेतू. जमीन सुधारणे हे एक कार्य व माणूस सावरणे हे दुसरे, ही समजूत येथेच कायद्यात रुजली असे मला वाटते. दुष्काळी कामावर गेलेला शेतकरी रस्त्याची खडी फोडी. त्या श्रमाचा त्याच्या रानाशी काही संबंध नसे.

गावाने स्वतः मात्र अशी फाळणी केली नव्हती. एकेक बैल असलेले दोघे ‘वारंगुळा’ करून जोडी जमवीत; ज्याचे काम मागे पडले त्याच्या रानात ‘इर्जिक’ होई, दहा-बारा औते एकदम चालत व संध्याकाळी जेवण असे. तरण्या पोराचा पाभरीवर हात बसे तो अशाच दिवसांत. कसब शिकणे आणि अडलेल्यास हात देणे या गोष्टी तेथे एकाच वेळी घडत. अर्थात् या रीतींचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे: ज्याच्याजवळ एकही बैल नाही त्यास वारंगुळ्यात स्थान नव्हते, आणि जातीची उतरंड तर पंगतीतही मोडत नसे.

शिकवण आणि आधार शासकीय पातळीवर एकत्र आले ते एका आपत्तीमुळे. मुंबई प्रांताचा जमीनसुधारणा योजनांचा कायदा १९४२ मध्ये झाला आणि मंजूर योजना संपूर्ण क्षेत्रास लागू करण्याची सोय झाली. वरच्या व खालच्या शेतकऱ्याचा पेच त्यामुळे सुटू लागला. त्याच सुमारास, १९४२-४३ मध्ये, विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला व बांधबंदिस्ती हेच दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आले. ज्या बांधासाठी वर्षानुवर्षे उपदेश चालला होता तो आता मजुरी घेऊन घालता येऊ लागला. मुंबई पद्धतीतील बांधबंदिस्ती तेवढी दूरवर पसरली आणि बाकीची अंगे मागे राहिली, याचे कारण माझ्या मते येथे आहे. कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला.

पुढील इतिहासात हा धागा कधी सापडतो, कधी सुटतो. अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू संशोधन प्रकल्प १९७० मध्ये सुरू झाला व सोलापूर त्याचे एक केंद्र झाले. लगोलग १९७२ चा दुष्काळ आला. त्याच्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला व नालाबांध, पाझर तलाव ही कामे मजुराच्या हक्काशी जोडली गेली. त्या काळी आधार म्हणजे अन्न आणि मजुरी. मनाचा विचार शासनाच्या दप्तरी फार उशिरा आला, तोही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी भाग पाडल्यावर. महाराष्ट्र शासनाने २०१५-१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन झोप, भूक, उदासी यांविषयी विचारपूस करावी व गरज दिसल्यास समुपदेशनाकडे पाठवावे, अशी त्याची योजना होती. तो आरोग्य खात्याचा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या शेतीशाळा २०१८ नंतर भरू लागल्या, त्या कृषी खात्याच्या. आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत बैलांचा रकाना नाही, आणि शेतीशाळेच्या हजेरीपटावरून, गेल्या दोन बैठकांना न आलेला माणूस का आला नाही, हे कळत नाही. जातेगावच्या १९२१ च्या पाहणीत जमीन, जनावरे, कर्ज आणि घरखर्च यांचा हिशेब एकाच कुटुंबाच्या नावापुढे मांडलेला आहे.