कॅट ज्याचा त्याचा

पत्त्यांच्या डावात बावन्न पाने सर्वांना सारखी; हाती काय यावे ते दैवाधीन, असेच आम्ही मानत आलो. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ काढला आणि हा समज मोडला. येथे पाने बंद पाकिटांतून विकत घ्यावयाची व कॅट ज्याचा त्याने रचावयाचा. प्रारंभी कॅट किमान ४० पानांचा असावा एवढेच बंधन. एकच प्रबळ पान हवे तितक्या वेळा घालावे! मग जिंकणार कोण, बुद्धी की थैली?

१९९४ च्या जानेवारीत स्पर्धांसाठी नियम झाले. कॅट किमान ६० पानांचा, एका पानाच्या चारच प्रती. 'ब्लॅक लोटस'सारख्या पानाची एकच. मोकळीक फक्त मूळ भूमीच्या पानांना, कारण इतर पानांना बळ त्यांतूनच मिळते. भूमी थोडी, तर शस्त्रे हातातच राहतात. फार, तर शस्त्रेच येत नाहीत. हा तोल साधणे हीच रचनेची विद्या.

थैलीचे महत्त्व नियमांनी संपले नाही; चार प्रतीही विकतच घ्याव्या लागतात. परंतु तिला सीमा पडली, आणि त्या सीमेआतच बुद्धीला वाव मिळाला. खेळ टिकला तो या मर्यादेमुळे, असे आम्हांस वाटते.