मूस, वीट आणि शुक्रवार

डोळे उघडा. पायाखाली खाडीचा चिखल आहे आणि वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास. दुर्गाडीचा बुरूज शोधू नका, तो उभा राहायला अजून पंधराएकशे वर्षं आहेत. तुम्ही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या कल्याणात आला आहात. ग्रीक भाषेतल्या एका जुन्या सागरी वर्णनात हे बंदर 'कॅलिएना' म्हणून येतं. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांच्या दानाचे लेख कोरलेले आहेत, त्यांत याच गावचे सोनार आणि लोहारही आहेत.

अशाच एका सोनाराच्या ओसरीवर टेका. तो तुमच्याकडे बघणार नाही, त्याचं सगळं लक्ष फुंकणीत आहे. निखाऱ्यांत मुठीएवढी मूस आहे, भाताचं तूस मळलेल्या मातीची. सोनं 1064 अंशांना वितळतं. कडा गळून त्याचा थेंब होतो, थेंब थरथरतो. सोनार चिमट्याने मूस उचलतो, सोनं ओततो आणि मूस बाजूला ठेवतो. सोन्याचं पाणी झालं आणि शेताच्या बांधावरची माती मात्र जागची हलली नाही, याचं त्या ओसरीवर कोणालाच नवल नाही. तुम्हाला वाटू द्या.

मातीत मुख्यतः दोन गोष्टी असतात: अॅल्युमिना आणि सिलिका. साधारण हजार अंशांच्या पुढे त्या जुनी घडी मोडून नव्याने जुळू लागतात आणि सुईसारखे बारीक स्फटिक धरू लागतात. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारखंच हे प्रकरण आहे. कारवीच्या काठ्या एकमेकींत गुंतवायच्या आणि वरून मातीचा गिलावा द्यायचा. स्फटिक म्हणजे कारवी, आणि त्यांच्यामधला काचेसारखा वितळलेला भाग म्हणजे गिलावा. सोनाराच्या आगीत कारवी जेमतेम फुटायला लागते. आच जितकी चढी आणि जितका वेळ टिकलेली, तितकी ती दाट.

या कारवीला नाव मिळालं 1924 साली, अमेरिकेत. बोवेन आणि ग्रेग या दोघांनी अॅल्युमिना-सिलिकाची मिश्रणं तापवून नेमकं काय बनतं ते तपासलं, आणि हाच पदार्थ स्कॉटलंडजवळच्या मल नावाच्या बेटावरच्या खडकात निसर्गतः सापडतो हेही दाखवलं. म्हणून मुलाइट. (बेटाच्या नावाचा आपल्याकडे भलताच अर्थ होतो, तेव्हा कारखान्यांत सगळे मुलाइटच म्हणतात हे बरं.) ते बेट बेसॉल्टचं आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वर येताना चिकणमातीच्या खडकाचे तुकडे त्यात सापडले आणि भाजून निघाले. मुंब्र्याजवळचा पारसिकचा डोंगरही बेसॉल्टचाच, आणि वयाने थोडा थोरला. पृथ्वीने ही वीट आधी स्वतःच्या भट्टीत भाजून पाहिली होती. जर्मनीतल्या हेसे प्रांतातल्या मुशी किमयागारांच्या काळात युरोपभर नावाजलेल्या होत्या. त्यांचं रहस्यही मुलाइटच होतं, हे 2006 साली उघड झालं. बनवणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. आपल्या सोनारालाही नव्हता.

आता पुढे या. 1929, ठाकुर्ली. शेतांच्या मधोमध रेल्वेचं नवं वीजघर उभं राहिलं आहे, जीआयपीचं, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, चोळे पॉवर हाऊस. घाटातून पुण्याकडे आणि इगतपुरीकडे विजेच्या गाड्या न्यायच्या आहेत, त्यासाठी इथे कोळसा जाळून वीज करायची. एक बॉयलर थंड ठेवलाय. दाराएवढं भोक दिसतंय ना? अंग चोरून आत शिरा.

आत कंदील आहे, आणि गुडघ्यावर बसलेला एक म्हातारा गवंडी. "या, पण भिंतीला हात लावू नका, मसाला ओला आहे." तो वीट पातळ मसाल्यात बुडवतो, शेजारच्या विटेला घासून बसवतो आणि लाकडी हातोडीने ठोकतो. "दोन विटांमधे रुपया उभा शिरला, तर माझं काम फुकट. आग फटीतूनच घुसते." या विटा फायर क्लेच्या, म्हणजे आग सोसणाऱ्या मातीच्या आहेत, अॅल्युमिना तिशी-चाळिशीच्या टक्क्यांत. यांत कारवी आहे, पण गिलावा भरपूर.

त्याला विचारा, भिंत वितळते का? तो हसेल. "वितळायची कशाला? बसते." याच शब्दापाशी मी तुम्हाला आणायला निघालो होतो. नुसत्या आचेला टिकणारे पदार्थ पुष्कळ आहेत. पण डोक्यावर विटांचा भार, पोटात आग, आणि अशा अवस्थेत महिनोन्महिने तसूभरही न सरकणं, हे दुर्मीळ. गिलावा मऊ पडला की वीट वितळण्याच्या कितीतरी आधी हळूहळू बसू लागते आणि एक दिवस कमान खाली येते. उपाय सांगायला सोपा: गिलावा कमी करा, कारवी वाढवा.

सिंटर्ड मुलाइट म्हणजे तोच उपाय. कॅल्साइन्ड, म्हणजे आधीच भाजलेला, अॅल्युमिना आणि शुद्ध माती एकत्र बारीक दळायची. शंभर भागांत अॅल्युमिना बहात्तरच्या आसपास आणि उरलेला सिलिका, असं माप धरायचं. गोळे करून वाळवायचे आणि सतराशे अंशांच्या आसपास भाजायचे. वितळवायचं नाही. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं पुरतं न विरघळता दगड होऊन बसतं, तसे कण कडेला कड चिकटून घट्ट होतात. मग तो दगड फोडून, चाळून, विटा दाबायच्या आणि पुन्हा भाजायच्या. विजेच्या कमानीत पूर्ण वितळवून केलेलं फ्यूज्ड मुलाइट वेगळं, त्याचे स्फटिक मोठे. भंडारा जिल्ह्यातल्या कायनाइट आणि सिलिमनाइटच्या दगडातही हाच माल दडलेला आहे. भाजला की तो मुलाइट होतो. कायनाइट तर तेव्हा चांगलाच फुगतो, म्हणून कच्चा वापरायचा झाला तर बेतानेच.

शेवटचा मुक्काम. 1995, डोंबिवली एमआयडीसी, गुरुवारची रात्र. 1962 साली एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं, ठाण्याची वागळे इस्टेट त्याची पहिली वसाहत, आणि मग डोंबिवली. हवेत रसायनांचा वास आहे, तो डोंबिवलीकराला सांगावा लागत नाही. एका शेडमध्ये मेणाचे व्हॉल्व्ह टांगलेले आहेत. त्यांच्यावर लगद्याचे आणि मुलाइटच्या दाण्यांचे थर चढवून कवच केलेलं आहे. मेण वितळवून काढलं, कवच भाजलं, आता त्यात सोळाशे अंशांचं पोलाद ओततील. जरा मागे सरा. पांढरी धार आत गेली, कवच लाल झालं, आणि तडा नाही.

उद्या शुक्रवार. इथल्या कारखान्यांची सुट्टी. कामगार खूश, भट्टी नाखूश. सहा दिवस तापलेलं अस्तर निवणार, शनिवारी पहाटे पुन्हा पेटणार. पंधराशे अंश चढताना मॅग्नेशियाच्या विटेची मीटरभर लांबी सुमारे 20 मिलिमीटर वाढते, मुलाइटची सात-साडेसात. जे कमी फुगतं ते कमी तडकतं. रविवारऐवजी शुक्रवार असला तरी भट्टीला हिशेब तोच, पण दर आठवड्याला हा धक्का सोसायचा तर मी मुलाइटवरच पैज लावेन.

मात्र ते प्रत्येक भट्टीत घालायला निघालात तर फसाल. सोड्याची, पोटॅशची वाफ त्याला पोखरते. चुन्याने भरलेल्या पोलादी मळीपुढे ते टिकत नाही, तिथे मॅग्नेशियाच लागतो. दुकानदार 'सब चलेगा' म्हणाला तर वीट परत ठेवा. सिरॅमिकच्या भट्टीतले स्टँड आणि रोलर, सोडा कमी असलेल्या काचेच्या टाकीवरचं बांधकाम, पोलाद कारखान्यातले गरम हवेचे स्टोव्ह, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची नळी, ही त्याची हक्काची ठिकाणं.

परत या. ठाकुर्लीचं पॉवर हाऊस केव्हाच थंडावलं आहे. पण लोकल तिथे थांबली की खिडकीतून वर बघा. तारेला धरून ठेवणारा तपकिरी चिनी मातीचा इन्सुलेटर दिसेल. काही ठिकाणी आता रबरासारखे नवे आले आहेत, ते सोडा. त्या चिनी मातीच्या पोटातही मुलाइटच्या सुया आहेत.